टोपोशीट आणि कोकणातला चढउतार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालघरपासून सावंतवाडीपर्यंतचे विद्यार्थी, डोंगरभटके, भूगोलाचे शिक्षक आणि जागा घेऊ पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. वेगळे सांगितले नसेल तिथे १:५०,००० प्रमाणाचे आणि २० मीटर समोच्च अंतराचे (म्हणजे सारख्या उंचीच्या लागोपाठच्या दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असलेले) पत्रक धरले आहे. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. कोकणात खाजण, मळे, बाजारपेठा आणि सड्याच्या (जांभ्याच्या सपाट माथ्याच्या) कडेचे कातळ बहुतेक वेळा दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत असतात. म्हणून रेषांइतकेच त्या कोऱ्या जागेकडेही लक्ष द्यावे लागते.

१. टोपोशीट म्हणजे काय? मोबाइलवर नकाशा असताना ते कशाला?

टोपोशीट म्हणजे स्थलनिर्देशक नकाशा. जमिनीचा उंचसखलपणा समोच्च रेषांनी आणि नद्या, रस्ते, वाड्या, जंगल, देवळे, विहिरी ठरावीक खुणांनी दाखवणारे हे पत्रक भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो. हा विभाग १७६७ पासून आहे आणि त्याचे मुख्यालय देहरादूनला आहे. मोबाइलवरचा नकाशा रस्त्याने कसे जायचे ते सांगतो. रस्ता सोडल्यावर पुढे काय आहे, वहाळ कुठून उतरतो, खिंड कुठे आहे, वाडीच्या मागचा डोंगर किती उभा आहे, हे टोपोशीटवरून कळते.

२. माझ्या गावाचे पत्रक कोणते, हे कसे शोधायचे?

गावाचे अक्षांश-रेखांश हाती असले की पत्रकाचा क्रमांक काढता येतो. रत्नागिरीचे उदाहरण घेऊ : साधारण १६°५९′ उत्तर, ७३°१८′ पूर्व.

पहिली पायरी. देशाचे ४° × ४° चे मोठे चौकोन पाडले आहेत. १६° ते २०° उत्तर आणि ७२° ते ७६° पूर्व हा चौकोन ४७ क्रमांकाचा. त्याच्या खालचा, म्हणजे १२° ते १६° उत्तर, तो ४८.

दुसरी पायरी. मोठ्या चौकोनाचे एकेक अंशाचे १६ भाग असतात. वायव्य कोपऱ्यातून सुरुवात करून वरून खाली ए, बी, सी, डी, मग शेजारच्या स्तंभात ई, एफ, जी, एच असे ते पी पर्यंत जातात. रत्नागिरी ७३–७४ रेखांशांच्या स्तंभात आणि १६–१७ अक्षांशांच्या आडव्या पट्ट्यात येते, म्हणून ४७ एच.

तिसरी पायरी. त्या एका अंशाचे १५ मिनिटांचे १६ तुकडे, तेही वरून खाली : पहिल्या स्तंभात १ ते ४, दुसऱ्यात ५ ते ८, याप्रमाणे. ७३°१८′ दुसऱ्या स्तंभात आणि १६°५९′ सर्वांत वरच्या ओळीत. म्हणून पत्रक ४७ एच/५.

याच रीतीने अलिबाग ४७ बी/१४, महाड ४७ एफ/८, मालवण ४७ एच/८ आणि सावंतवाडी ४८ ई/१३ वर येते. सिंधुदुर्ग जिल्हा १६° अक्षांशाच्या दोन्ही बाजूंना पसरला आहे, त्यामुळे ४७ आणि ४८ अशा दोन्ही क्रमांकांची पत्रके लागतात.

फसगत होते ती काठावर. रत्नागिरी शहर पत्रकाच्या वरच्या कडेला टेकलेले आहे, म्हणून उत्तरेचे ४७ जी/८ नसेल तर अर्धा परिसर हातात येत नाही. रायगडाचेही तसेच. गड ४७ एफ/८ च्या वरच्या कडेजवळ आहे, त्यामुळे त्याच्या उत्तरेकडे उतरणाऱ्या वाटा वरच्या पत्रकावर, ४७ एफ/७ वर जातात. मागवण्याआधी आपले ठिकाण कडेपासून किती दूर आहे ते पाहा.

३. नव्या पत्रकावर ‘ई ४३ एच ५’ असे लिहिले आहे. हे वेगळे पत्रक आहे का?

भाग तोच, क्रमांकाची पद्धत नवी. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी खुली पत्रकमालिका आली. तिचे क्रमांक आंतरराष्ट्रीय चौकटीवर बेतले आहेत. जुने ४७ एच/५ तेच नवे ई ४३ एच ५. १६° च्या दक्षिणेला सुरुवातीचे अक्षर डी होते, म्हणून सावंतवाडीचे डी ४३ ई १३. दोन्ही मालिकांत अक्षांश-रेखांशांचा पाया मात्र बदललेला आहे. त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

४. पत्रक उतरवून घेतले आणि छापले, पण अंतरे जुळत नाहीत. का?

खुल्या मालिकेची पत्रके सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये घेता येतात. १५ मिनिटांचे पत्रक आपल्या अक्षांशांवर सुमारे ५५ सेंमी उंच आणि ५३ सेंमी रुंद भरते. ते ए४ कागदावर ‘पानात बसवा’ असे सांगून छापले की चित्र आक्रसते, पण समासातले १:५०,००० हे अंकप्रमाण छापील अक्षरांत तसेच राहते आणि खोटे ठरते. छपाई १०० टक्के आकारात करा. पूर्ण पत्रक हवे असेल तर ए१ कागद, नाहीतर हवा तेवढा भाग कापून ए३. छापून झाल्यावर खालच्या रेषाप्रमाणावरचा १ किमीचा तुकडा पट्टीने मोजा. तो बरोबर २ सेंमी यायला हवा. आला नाही तर अंकप्रमाण विसरा आणि सगळी अंतरे रेषाप्रमाणावरूनच घ्या, कारण कागदासोबत तेही आक्रसलेले असते.

५. समोच्च रेषेवरून एखाद्या जागेची उंची कशी काढायची?

एकाच रेषेवरची सगळी ठिकाणे समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असतात. दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे १००, २००, ३०० मीटर. आधी जवळची जाड रेषा शोधून तिच्यावरचा आकडा वाचा, मग तिथून बारीक रेषा मोजत आपल्या जागेपर्यंत या. जागा १४० आणि १६० च्या मधोमध असेल तर साधारण १५० म्हणा. त्याहून बारीक दावा करू नका, कारण समोच्च अंतराच्या निम्म्याइतकी चूक धरूनच चालावे लागते.

नेमके आकडे हवेत तर रेषांऐवजी बिंदू शोधा. साध्या टिंबाशेजारचा आकडा ही बिंदू उंची, त्रिकोणाशेजारचा आकडा त्रिकोणमितीने काढलेली उंची. ‘बीएम’ अक्षरांशेजारचा आकडा बेंचमार्कचा, म्हणजे उंची काटेकोर मोजून पक्क्या केलेल्या खुणेचा, आणि तो सगळ्यांत भरवशाचा. आकड्यामागे लहान ‘आर’ असेल तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नाही. तो बांध, कडा किंवा विहिरीचा खड्डा आजूबाजूच्या जमिनीपासून किती उंच वा खोल आहे, एवढेच तो आकडा सांगतो. ‘६ आर’ वाचून गाव समुद्रसपाटीपासून सहा मीटरवर आहे असे लिहिलेल्या उत्तरपत्रिका दरवर्षी दिसतात.

६. दरी आणि सोंड दोन्हीकडे रेषा टोकदार वळतात. फरक कसा ओळखायचा?

टोक कोणत्या बाजूला आहे ते पाहा. टोक जास्त उंचीच्या रेषांकडे असेल तर दरी, कमी उंचीकडे असेल तर सोंड, म्हणजे डोंगराचा खाली उतरत पुढे आलेला फाटा. पडताळा म्हणून त्या टोकांमधून ओढ्याची रेघ जाते का ते बघा. ओढा नेहमी दरीतूनच जाणार. दोन बंदिस्त गोलांच्या मधली, दोन्ही बाजूंना उतरणारी जागा म्हणजे खिंड. कोकणातून घाटावर जाणाऱ्या जुन्या वाटा बहुतेक अशाच जागा हेरून गेल्या आहेत.

आकडे न वाचता नुसत्या आकारावर जाऊ नका. खाडीच्या दोन्ही तीरांवर सोंडा आणि वहाळ आळीपाळीने येतात, तिथे नजर हमखास उलटी पडते.

७. उतार किती तीव्र आहे हे अंशांत काढता येते का?

येते. बारीक रेषांमधले अंतर पट्टीने मोजणे कठीण, म्हणून दोन जाड रेषांमधले मोजा. उंचीतला फरक १०० मीटर ठरलेला असतो. कागदावर १ सेंमी म्हणजे जमिनीवर ५०० मीटर, उतार १ : ५, सुमारे ११ अंश. ५ मिमी असेल तर २५० मीटर, सुमारे २२ अंश. ४ मिमी म्हणजे सुमारे २७ अंश. २ मिमी असेल तर ४५ अंश, आणि तिथे वाट नसेल तर हाताचा आधार घेतल्याशिवाय चढता येत नाही. पट्टी रेषांना काटकोनात धरा. तिरकी धरली की उतार सौम्य भासतो.

८. सडा नकाशावर कसा दिसतो?

कोकणचा किनारी पट्टा वाचायचा तर आधी सडा ओळखता आला पाहिजे. रत्नागिरी, राजापूर, देवगडच्या पत्रकांवर एक नमुना वारंवार दिसतो. मध्ये मोठी कोरी जागा, जिच्यातून एखादीच समोच्च रेषा लांब वळणे घेत जाते, आणि कोऱ्या जागेच्या कडेला अचानक तीन-चार रेषा दाटीवाटीने. मधला भाग म्हणजे जांभ्याचा सपाट माथा, कडेची दाटी म्हणजे त्याचा उतार. पलीकडे पुन्हा तेवढ्याच उंचीवर दुसरा सडा असतो आणि मध्ये खाडी किंवा नदी खोल कापत गेलेली असते.

बाकीच्या खुणाही जुळवून पाहा. ओढ्यांच्या रेघा माथ्यावर नसतात, कडेपासून सुरू होतात. वाड्यांची नावे माथ्यावर विरळ आणि पायथ्याला ओळीने. कारण पाण्याचे आहे. पावसाचे पाणी सच्छिद्र जांभ्यातून मुरत खाली जाते, जांभ्याखालच्या चिकणमातीसारख्या थरावर अडते आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. वस्ती, पोफळीच्या बागा, देवळाची तळी तिथेच आढळतात. झरे शोधायचे असतील तर दाट रेषा जिथे पुन्हा विरळ व्हायला लागतात, तो पट्टा धरून चाला.

सड्यावर नकाशा धरून फिरताना अडचण अशी की ओळखायला खुणाच नसतात. एक किलोमीटर चालूनही उंची बदलत नाही. तिथे होकायंत्र लागते (प्रश्न १४).

९. नकाशात साधा उतार होता, प्रत्यक्षात समोर कडा आला. नकाशा चुकला का?

बहुधा नाही. रेषा २०-२० मीटरवर आहेत. १२० च्या रेषेच्या किंचित वर सुरू होऊन १४० च्या आधी संपणारा १५ मीटरचा कातळ दोन रेषांच्या मध्ये मावतो, आणि खडकाचे चित्रण केलेले नसेल तर कागदावर त्याचा मागमूस राहत नाही. सड्यांच्या कडांना नेमके असेच कातळ असतात. नियम असा ठेवा : सड्यावरून उतरताना दाखवलेली पाऊलवाट किंवा पाखाडीच धरायची. मधूनच सरळ खाली तोडत जायचे नाही, रेषा कितीही विरळ दिसोत.

समुद्राच्या कडेलाही हेच लागू. रेषा किनाऱ्याला चिकटून दाट आल्या असतील तर खाली पुळण नसून खडक आहे असे समजा. जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग अशा किल्ल्यांच्या टोकांशी हा आकार दिसतो. गुहागरसारख्या लांब पुळणीमागे मात्र पहिली रेषा किनाऱ्यापासून मागे हटलेली असते.

१०. सह्याद्रीच्या भिंतीत रेषा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. तिथून वाट कशी शोधायची?

सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला आहे. कठीण थराचा कडा होतो, मऊ थराची झीज होऊन उतार किंवा सपाटी होते. त्यामुळे घाटाच्या पश्चिम बाजूला रेषांची दाटी, मग अरुंद मोकळा पट्टा, पुन्हा दाटी असा क्रम दिसतो. हा मोकळा पट्टा म्हणजे पदर. कोकणातून चढताना पहिला टप्पा पदरापर्यंतचा, मग पदरावरून आडवे जाऊन वरच्या कड्यातली फट गाठायची. ही फट, म्हणजे नाळ, नकाशावर रेषांच्या खोल टोकदार खाचेने दिसते. खाचेतही रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतील तर नाळेत टप्पे आहेत आणि दोर लागेल असे धरा. खाचेत त्या थोड्या सुट्या झालेल्या असतील तर वाट असण्याची शक्यता आहे. शक्यता एवढ्यासाठीच म्हटले की दरड कोसळून नाळ बंद झाली तरी नकाशात जुनीच नाळ दिसत राहते. खालच्या वाडीतल्या माणसांना विचारल्याशिवाय चढू नका.

११. काही ओढे निळे, काही काळे. काळे म्हणजे घाण पाणी का?

नाही. काळ्या रेघेचा ओढा पावसाळ्यानंतर आटतो, निळ्यात बारमाही पाणी असते. कोकणात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही पत्रकावर काळ्या रेघाच जास्त आढळतात. तळकोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत, पाणी चार महिन्यांत वाहून जाते. मार्चनंतरच्या भटकंतीत काळ्या वहाळावर पाण्यासाठी विसंबू नका. जुलैत तोच वहाळ ओलांडता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. रंग बारमाहीपणा सांगतो, पुराचा जोर सांगत नाही.

बाकी रंग थोडक्यात : तपकिरी समोच्च रेषा, हिरवे झाड-झाडोरा, पिवळी लागवड, लाल रस्ते आणि वस्ती, काळी नावे आणि सीमा.

१२. आमचे गाव पहिल्या समोच्च रेषेच्याही खाली आहे. पूर येईल का हे कसे कळणार?

एकट्या १:५०,००० पत्रकावरून कळणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. चिपळूणची बाजारपेठ, खाडीकाठची बहुतेक बंदरे, मळे आणि खाजण २० मीटरच्या रेषेखाली येतात. तीन मीटरवरचे घर आणि सतरा मीटरवरचे घर पत्रकाच्या लेखी एकाच कोऱ्या पट्ट्यात.

तरी तीन गोष्टी पाहता येतात. एक, पट्ट्यातल्या बिंदू उंची आणि बेंचमार्क. ते रस्त्यांच्या, पुलांच्या कडेला सापडतात. दोन, २० मीटरची रेषा नदीपासून किती मागे आहे. ती दोन्ही काठांना जवळ येऊन नदीला आवळत असेल तर पाणी वरच्या बाजूला तुंबते. तीन, भरतीचे पाणी नदीत किती आत येते. खाडीच्या मुखाशी उधाण असताना वरून पूर आला की पाण्याला जायला जागा राहत नाही. वाशिष्ठीकाठी राहणाऱ्यांना २२ जुलै २०२१ नंतर हे वेगळे सांगायला नको. यापुढच्या तपशिलासाठी मोठ्या प्रमाणाचा नकाशा किंवा पातळी-यंत्राने केलेली मोजणी लागते.

१३. ‘समुद्रसपाटीपासून’ म्हणजे कोणत्या समुद्रापासून? भरतीच्या की ओहोटीच्या?

दोन्हींच्या मधल्या, दीर्घ काळाच्या सरासरी पातळीपासून. भारतात १९०९ साली पक्की केलेली ही पातळी नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवर बांधली आहे. त्यांत मुंबई आणि कारवार येतात. मुंबईजवळ मोठ्या उधाणात भरती आणि ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, मालवणकडे तो बराच कमी असतो. म्हणजे मुंबईच्या आसपास नकाशावर २ मीटर उंचीची जागा बांध नसेल तर उधाणात पाण्याखाली जाऊ शकते. खारभूमीचे बंधारे याचसाठी आहेत.

नौकानयनाच्या नकाशातली खोली मात्र या पातळीपासून मोजत नाहीत. ती नीचतम ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून मोजतात, कारण होडी तळाला लागू नये हा तिथला हेतू. टोपोशीटवरची उंची आणि त्या नकाशातली खोली यांची सरळ बेरीज केली की उत्तर चुकते.

१४. होकायंत्राने आपली जागा नकाशावर कशी शोधायची?

ओळखता येतील अशा दोन, शक्यतो तीन दूरच्या खुणा निवडा : दीपगृह, भूशिर, ठळक शिखर, खाडीचे मुख. मोबाइलचे मनोरे घेऊ नका, जुन्या पत्रकांवर ते नसतात. प्रत्येक खुणेची दिशा अंशांत घ्या, तिच्यात १८० मिळवा किंवा वजा करा, आणि त्या खुणेपासून आपल्याकडे रेघ ओढा. रेघा मिळतात तिथे आपण. तीन रेघांचा लहान त्रिकोण झाला तर चालेल. त्रिकोण मोठा आला तर एखादी खूण चुकीची ओळखली आहे. खुणांमधला कोन ६० ते १२० अंशांचा असावा.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक कोकणात सध्या एका अंशाच्या आत आहे, तेव्हा पायी फिरणाऱ्याने तो सोडून दिला तरी चालते. खरी बाधा येते ती लोखंडाची आणि खिशातल्या फोनची. जांभ्यातही लोह असते, म्हणून होकायंत्र कातळावर टेकवून न धरता हातात धरा.

१५. आजोबांच्या काळातले पत्रक हाती आले आहे. ते वापरता येईल का?

डोंगर तेच आहेत, त्यामुळे उंचसखलपणा वाचायला खुशाल वापरा. पण आधी समास वाचा. एक इंच = एक मैल असेल तर प्रमाण १:६३,३६० आणि रेषा बहुधा ५० फुटांच्या. तिथला २५० म्हणजे अवघे ७६ मीटर. मीटर समजून वाचले तर सगळे सडे तिपटीहून उंच होतात.

दुसरी अडचण पायाची. जुनी पत्रके एव्हरेस्ट आकृतीवर आधारलेली आहेत, मोबाइल आणि खुली मालिका डब्ल्यूजीएस-८४ वर. हे दोन्ही पृथ्वीच्या आकाराचे वेगवेगळे गणिती नमुने. जीपीएसचे अक्षांश-रेखांश जुन्या पत्रकावर तसेच मांडले तर कोकणात शे-दीडशे मीटरची तफावत पडते, कागदावर दोन-तीन मिलिमीटर. रस्त्यासाठी हे चालून जाईल, नाळेच्या तोंडाशी नाही. दोन-तीन पक्क्या खुणांवर (देऊळ, पूल, दीपगृह) फरक मोजून तेवढा सरकवून घ्या.

पत्रक किती जुने आहे ते पाहणीच्या वर्षावरून ठरवा, छपाईच्या नव्हे. दोन्ही समासात असतात. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाला, म्हणून त्याआधीच्या पाहणीत तो सापडणार नाही. खाडी ओलांडायची जुनी तर (होडीची सोय) गेलेली असेल, नवा पूल झालेला असेल, सड्यावर चिरेखाणी पडल्या असतील.

१६. समुद्रावर उभे असताना मोबाइल उणे साठ-सत्तर मीटर उंची दाखवतो. फोन बिघडला का?

फोन ठीक आहे. जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून. समुद्राची खरी सरासरी पातळी भारताच्या आसपास त्या आकाराच्या बरीच खाली आहे, आणि कोकण किनाऱ्यावर हा फरक साठ मीटरहून अधिक भरतो. काही अ‍ॅप ही दुरुस्ती आपोआप करतात, काही करत नाहीत. म्हणून दोन फोन शेजारी धरले तरी वेगळे आकडे येतात. पुळणीवर उभे राहून जो आकडा दिसेल तो टिपून ठेवा आणि दिवसभर तेवढा फरक मिळवत जा. त्यानंतरही दहा-वीस मीटरची चूक राहू शकते.

१७. इंटरनेटवरच्या समोच्च रेषा टोपोशीटशी जुळत नाहीत. कोणावर विश्वास ठेवायचा?

कशासाठी हवे त्यावर ठरते. फुकट मिळणाऱ्या बहुतेक रेषा उपग्रह किंवा अवकाशयानाच्या मोजणीतून संगणकाने काढलेल्या असतात. त्यांतली एसआरटीएम ही माहिती फेब्रुवारी २००० मध्ये रडारने घेतली आणि साधारण ३० मीटरच्या जाळीवर मिळते. तीत रडारला दिसलेला पृष्ठभाग येतो, म्हणजे आंबा-काजूच्या बागा, माड, तिवरे यांची उंचीही थोडीफार धरली जाते. तिवरांनी भरलेले खाजण त्यात टेकाड म्हणून दिसू शकते. उलट, अरुंद नाळा आणि कडे गुळगुळीत होऊन जातात. कडे, नाळा आणि पाऊलवाटांसाठी टोपोशीट, मोठ्या प्रदेशाचे चित्र किंवा संगणकावर छेद काढायला ही माहिती. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅटपासून केलेली उंचीची माहितीही मिळते.

१८. किनाऱ्यापासून सह्याद्रीपर्यंतचा छेद काढायचा आहे. कसा?

पत्रकावर दोन बिंदूंमध्ये रेघ ओढा. कागदाची सरळ पट्टी रेघेला लावून प्रत्येक समोच्च रेषा जिथे छेदते तिथे खूण करा आणि उंची लिहा. ओढे आणि रस्तेही टिपा. मग आलेख कागदावर पट्टी तळाला ठेवून उंच्या वर न्या आणि बिंदू मोकळ्या हाताने जोडा. पट्टीने जोडलेला सडा करवतीसारखा दिसतो. रत्नागिरीपासून पूर्वेला जायचे तर शेजारशेजारची तीन पत्रके, ४७ एच/५, ९ आणि १३, लागतात.

उभे प्रमाण १ सेंमी = १०० मीटर घेतले तर आडव्या प्रमाणाच्या पाचपट ताण पडतो. ११ अंशांचा उतार कागदावर ४५ अंशांचा दिसतो. ‘उभा ताण ५ पट’ असे आकृतीखाली लिहायला विसरू नका. प्रात्यक्षिक परीक्षेतले गुण इथेच जातात. दरीच्या तळाशी आणि सड्याच्या माथ्यावर शेवटच्या रेषेपुढे छेद थोडा खाली किंवा वर न्यायचा असतो, सपाट तोडायचा नसतो.

१९. उंची शंभर-दीडशे मीटरच, तरी किनाऱ्याची वाट दमवते. वेळ कसा काढावा?

सुरुवातीची आणि शेवटची उंची बघून उपयोग नाही. वाटेवर चढताना ओलांडलेल्या सगळ्या रेषा मोजा. सड्यावरून खाडीत, खाडीतून पुन्हा सड्यावर असे तीनदा झाले की चढाई तीनशे मीटर झालेली असते.

स्कॉटलंडच्या विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला हिशेब अजून चालतो : ताशी ५ किमी, आणि दर १०० मीटर चढाईला १० मिनिटे जास्त. ८ किमी आणि ३०० मीटर चढाई म्हणजे ९६ अधिक ३०, सुमारे दोन तास. एप्रिल-मेच्या कोकणी उकाड्यात याची दीडपट धरा, तीन तासांच्या वर. खाडी आडवी येत असेल तर होडीची तर चालू आहे का ते आधी विचारा. नकाशावर समोरचा काठ बोटभर अंतरावर असतो आणि रस्त्याने वळसा कित्येक किलोमीटरचा पडतो. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळसारखी फेरीबोट असेल तर तिच्या वेळा हिशेबात घ्या.

२०. वाडीला दरडीचा धोका आहे का, हे टोपोशीटवरून सांगता येते का?

पूर्ण नाही, पण कुठे काळजी घ्यायची ते दिसते. वाडीच्या मागचा उतार प्रश्न ७ प्रमाणे काढा. २५ अंशांच्या पुढे असेल तर सावध व्हा. मग रेषांचा आकार पाहा. त्या वाडीच्या वर वाटीसारख्या आत वळल्या असतील तर वरचे पाणी आणि माती त्या वाटीत गोळा होऊन वाडीकडेच येते. उलट, सोंडेवरची वाडी तुलनेने बरी. वहाळ डोंगरातून सपाटीवर येतो त्याच तोंडाशी घरे असतील तर तेही वाईट ठिकाण.

मातीचा थर किती जाड आहे, नवा रस्ता काढताना पायथा किती तोडला, वर भेगा पडल्या आहेत का, हे नकाशाला माहीत नसते. रायगड जिल्ह्यात तळिये (जुलै २०२१) आणि इरशाळवाडी (जुलै २०२३) इथे माणसे गेली. म्हणून कागदावर उतार सौम्य दिसला, एवढ्यावर कोणाला निर्धास्त करू नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० प्रमाणावर केले आहेत, तेही जोडून पाहा. अतिवृष्टीत जमिनीला नव्या भेगा दिसल्या, झाडे किंवा खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा आटले, तर नकाशा बाजूला ठेवून आधी घर सोडा आणि मग तहसील कार्यालयाला कळवा.

२१. जागेची हद्द किंवा सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) टोपोशीटवर दाखवून चालेल का?

चालणार नाही. टोपोशीटवर गट क्रमांक नसतात. ०.५ मिमी जाडीची रेघ जमिनीवर २५ मीटर व्यापते, तेवढ्यात कोणाची तरी कलमांची ओळ जाते. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणि तिचा नकाशाच लागतो. सीआरझेडची भरतीरेषा किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याच्या मंजूर नकाशांवर असते. टोपोशीटवरच्या किनाऱ्यापासून पट्टीने ५० किंवा २०० मीटर मोजून बांधकामाचा निर्णय घेऊ नका. दलालाने टोपोशीटचा तुकडा पुढे केला तर त्यावरून जागा शोधायला हरकत नाही. बयाणा देण्याआधी मात्र मोजणी नकाशा आणि मंजूर किनारी आराखड्यातला तो भाग, दोन्ही मागून घ्या.